सरांचा खर्रा

आमच्या वर्धा जिल्ह्यात दारूबंदी आहे, त्यामुळे इथल्या माणसाला पापाची सुरुवात खर्ऱ्यापासून करावी लागते. सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या पन्नीत घालून पानठेलेवाला हातानं खसाखसा घोटतो, वर रबर लावतो आणि पुडी हातात देतो. कायद्यानं खर्राही बंदच आहे म्हणतात. पण दारू घ्यायला थोडा आडोसा लागतो, खर्ऱ्याला तोही लागत नाही.

मी तो पंधरा वर्षं खाल्ला. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका, चौथ्या पिढीची ख्रिस्ती, आणि हिंगणघाटच्या आमच्या चर्चच्या लहानशा मंडळीत पेटीवर बसून गाणी सुरू करणारी बाई. रविवारी मुलांना वाळवंटातल्या चाळीस दिवसांची गोष्ट सांगणारीही मीच. भुकेल्या प्रभूला सैतान म्हणतो, या धोंड्यांच्या भाकरी कर, आणि प्रभू करत नाही. ही गोष्ट मी फार रंगवून सांगत असे. सांगून झाली की मागच्या अंगणात जाऊन चिमूटभर खर्रा गालात धरत असे.

सुरुवात दाढदुखीनं झाली. शाळेतल्या एका जुन्या बाईंनी सांगितलं, थोडा ठेव दाढेखाली, ठणका जातो. ठणका गेला. दाढही पुढं डॉक्टरनं काढून टाकली. खर्रा तेवढा राहिला.

बाईमाणसानं खर्रा आणायचा कसा, हा प्रश्न मला पडला तेवढा कोणाला पडू नये. आमच्याकडे बाया खर्रा खातात, नाही असं नाही, पण ठेल्यावर उभी राहून मागणारी बाई अजून मी पाहिलेली नाही. मी शाळेत स्कूटीनं जाते. गिरडकडे जाणाऱ्या रस्त्याला लागण्याआधी एक ठेला आहे. पहिल्या दिवशी मी गाडी थांबवली, स्कार्फ नाकावर ओढला आणि तोंडातून निघून गेलं, "सरांचे दोन दे. चुना कमी." ठेलेवाल्याच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. नवऱ्यासाठी विष नेणारी बायको ही आपल्याकडे कर्तव्यदक्ष समजली जाते. तेव्हापासून रोज सकाळी सरांचे दोन.

आता हे सर म्हणजे आमचे हे. जिनिंगमध्ये काट्यावर बसतात, कापसाच्या गाड्यांची वजनं घेतात. शिकवण्याशी त्यांचा संबंध नाही, पण मॅडमचा नवरा म्हणून गावानं त्यांना सर करून टाकलं. या माणसानं आयुष्यात बडीशेपेपलीकडे काही चघळलेलं नाही. काट्यावर पंचवीस वर्षं बसून एका किलोचं खोटं बोललेला नाही, त्यामुळे शेटजी आणि शेतकरी दोघंही त्यांच्यावर सारखेच नाराज असतात. घरात फार बोलत नाहीत. लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली, पण या माणसानं कधी काही मागितल्याचं मला आठवत नाही.

दोन वर्षांपूर्वी त्यांनी पहिल्यांदा काहीतरी मागितलं, तेही माझ्याजवळ नाही. मंडळीत एका पंचाची जागा रिकामी झाली. आमच्यात पंच म्हणजे पाळकाच्या खालोखाल मंडळीचा कारभार पाहणारे पाच जण. भांडणं मिटवायची, छत गळलं तर मिस्त्री आणायचा, आणि प्रभुभोजनाच्या रविवारी पाळकानं भाकर दिली की मागोमाग पेल्यांचं तबक घेऊन गुडघे टेकलेल्या रांगेसमोरून जायचं. ह्यांना ते तबक धरायचं होतं. त्यांचे वडील धरत. ह्यांनी पाळकाला जाऊन सांगितलं, की माझं नाव सुचवलं तर मी नाही म्हणणार नाही. ह्यांच्या हिशेबानं हा आग्रहच होता.

पंच निर्व्यसनी असावा असा नियम आहे. हा नियम ज्यांनी लिहून काढला त्या सर्वांत थोरल्या पंचांच्या हिरड्या विटेच्या रंगाच्या आहेत. ते प्रार्थना करताना मधे थांबतात तेव्हा नवी माणसं समजतात की गहिवरले. आम्हाला माहीत आहे की ते गिळत आहेत. पण पुरुषाच्या खर्ऱ्याला आमच्यात व्यसन म्हणायची पद्धत नाही, सवय म्हणतात, आणि सवयीला कोणी नियम लावत नाही.

तर हेच थोरले पंच एका सकाळी त्या ठेल्यावर उभे होते आणि मी स्कूटी थांबवून म्हणाले, सरांचे दोन. ते मागच्या बाजूला होते, मला दिसले नाहीत, हे पुढं कळलं. त्यांनी ते ऐकलं आणि थेट पाळकाकडे गेले. आपण स्वतः तिथं कशाला उभे होतात, हे त्यांना पाळकानं विचारलं नाही.

उपवासकाळ सुरू होता. ईस्टरच्या आधीचे चाळीस दिवस प्रत्येकानं एक आवडती गोष्ट सोडायची, असा आमचा रिवाज. मंडळीतली माणसं या कामात हुशार आहेत. पाळकांनी साखर सोडली होती, ती त्यांना डॉक्टरनं आधीच सोडायला लावली होती. थोरल्या पंचांनी वांगी सोडली, कारण वांग्यानं त्यांच्या अंगाला खाज सुटते. मी रागावणं सोडलं असं जाहीर केलं. घरी ह्यांनी ते ऐकून फक्त चष्मा पुसला.

या दिवसांत दर शुक्रवारी संध्याकाळी एकेकाच्या घरी प्रार्थना असते. चौथ्या शुक्रवारी आमची पाळी आली. पोहे भिजवले, सतरंज्या घातल्या, आणि सगळे यायच्या आधी वेलदोडा चघळून तोंड शुद्ध केलं. पाळक तरुण आहेत, नागपूरहून आलेले, आवाज मोठा. प्रभूच्या वाळवंटातल्या परीक्षेवर बोलले. मोह कसा दारात बसून असतो, घरातला माणूस कसा त्याला आत घेतो, असं सांगत सांगत ते एकदम थांबले आणि डोळे मिटून म्हणाले, या घरात कोणीतरी बंधनात आहे असं आत्मा मला दाखवून राहिला आहे. तोंडाच्या बंधनात.

माझ्या हातातली छोटी गाण्यांची वही खाली पडली. पर्स मागच्या खुंटीला होती आणि त्यात सकाळची दुसरी पुडी होती. मला वाटलं, संपलं. चौथ्या पिढीची ख्रिस्ती, पेटीवाली बाई, आज पोह्यांच्या आधी उघडी पडणार.

पाळक उठले, माझ्या दिशेनं आले, आणि माझ्यावरून पुढं जाऊन त्यांनी ह्यांच्या डोक्यावर हात ठेवला.

मग थोरले पंच उठले, आणखी दोघं उठले. आठ हात एका अर्धवट टक्कल पडलेल्या डोक्यावर मावत नव्हते, दोन खांद्यांवर गेले. सगळे मोठमोठ्यानं मागू लागले, की प्रभू, आमच्या या भावाला खर्ऱ्याच्या दुष्ट बंधनातून सोडव. थोरले पंच मधे थांबले, गिळून पुन्हा सुरू झाले. हे मान खाली घालून बसले होते. त्यांनी एकदाच डोळे उघडले आणि माझ्याकडे पाहिलं. मग मिटून घेतले आणि आमेन म्हणाले.

हा काय प्रकार झाला हे कळायला मला वेळ लागला नाही. आणि पहिलं जे वाटलं ते लिहून टाकते, कारण साक्ष द्यायची तर पुरती द्यावी. मला हायसं वाटलं. मी पोह्यांवर लिंबू पिळायला आत गेले.

पाहुणे गेल्यावर मी भांडी घासत होते. हे दारात येऊन उभे राहिले.

"तुम्हाले माहीत होतं?" मी विचारलं.

माहीत होतं. ठेलेवाला त्यांना रस्त्यात भेटला की विचारत असे, सर, आज चुना बरोबर होता का. हे म्हणत, हो. एवढं सहज सांगितलं, वजन सांगावं तसं. मग मला आठवलं की भाजी हे करतात त्या दिवशी ती नेहमी मवाळ असते. माझं तोंड आतून सोलून निघालेलं असे, तिखट लागलं की डोळ्यांत पाणी यायचं, आणि मी समजत होते की ह्यांना भाजीचा हात नाही.

पाळकांनी जाताना ह्यांना सांगून ठेवलं होतं, की ईस्टरच्या आधल्या, झावळ्यांच्या रविवारी उभं राहून साक्ष द्या, खर्रा सुटला म्हणून. मंडळीला उभारी येते. मग ईस्टरला नाव पक्कं करू. साक्ष नसेल तर नियम आडवा येतो, भाऊ, माझा इलाज नाही.

"मी देतो साक्ष," हे म्हणाले. "मले काय लागते. कधी खाल्लाच नाई, तर सोडाले किती वेळ."

हा त्यांच्या आयुष्यातला एकमेव विनोद असावा. मी हसले. मग मीच म्हणाले, "तुम्ही खोटं बोलान? तिथं उभं राहून?" हे जाऊन झोपले.

पुढचे दिवस मी स्वतःला पटवण्यात घालवले, आणि या कामात मी पाळकांपेक्षा हुशार निघाले. ह्यांना पंच व्हायचं आहे, होतील. मंडळीला उभारी हवी आहे, मिळेल. माझं नाव वाचतं. नुकसान कोणाचं? आणि मी झावळ्यांच्या रविवारच्या आत खर्रा सोडला की साक्षही खरी होऊन जाते, फक्त माणूस बदलतो. देव काय एवढ्या तेवढ्याचा कीस काढत बसणार आहे? सैतान प्रभूशी तीनदाच बोलला होता. माझ्याशी तो रोज शाळेत जाता-येता बोलत होता, आणि आवाज माझाच होता.

सोडायचा प्रयत्न मात्र केला. पहिल्या दिवशी पुडी नाल्यात फेकली आणि गुडघ्यावर बसून रडून प्रार्थना केली. दुसऱ्या दिवशी तिसऱ्या तासाला वर्गातल्या पाढ्यांचा आवाज डोक्यात घणासारखा पडू लागला, मी एका मुलीवर विनाकारण ओरडले, आणि मधल्या सुट्टीत स्कूटी घेऊन निघाले. सरांचे दोन. प्रार्थना करून पाहिली, गाणी म्हणून पाहिली, लवंग चघळून पाहिली. प्रभूनं मला परीक्षेत टिकवावं असं मी मागत होते, पण नवऱ्याच्या पाठीमागे लपूनच टिकवावं अशी माझी अट होती. माझी प्रार्थना ऐकली जात नाही याचं मला तेव्हा फार नवल वाटत होतं.

झावळ्यांच्या रविवारी सकाळी हे दाढी करत होते. शर्टाला स्वतः इस्त्री केलेली. मी फाटकाशी शिंदीच्या फांद्या मोजून बांधत होते, मुलांच्या हातात द्यायला. त्यांनी मला आत बोलावलं. आरशासमोर त्यांची काट्यावरची छोटी डायरी उघडी होती आणि साबणाचा हात पुसून त्यांनी पेन धरलं होतं.

"खर्रा सोडला की काय होते?" त्यांनी विचारलं. "पयल्या दिवशी डोकं दुखते काय? लोक विचारतीन. काहीबाही सांगणं बरं नाई."

हा माणूस माझं खोटं स्वतःच्या तोंडानं बोलायला निघाला होता, आणि त्या खोट्यातही माप बरोबर असावं म्हणून धडपडत होता. मी पलंगावर बसले आणि सांगायला लागले. डोकं दुखतं. जिभेखाली पाणी सुटत राहतं. हात आपोआप पर्सकडे जातो. माणसं बोलतात ते लांबून ऐकू येतं. सगळ्यात वाईट म्हणजे आपण कोणी चांगलं माणूस आहोत असं वाटेनासं होतं. पंधरा वर्षांत हे मी कोणालाच सांगितलं नव्हतं, देवालासुद्धा इतकं सरळ नाही. हे लिहून घेत होते. शेवटच्या वाक्याशी त्यांचं पेन थांबलं. ते त्यांनी लिहिलं नाही. डायरी मिटून खिशात ठेवली आणि राहिलेली दाढी केली.

मंडळीत त्या दिवशी गर्दी होती. मुलं फांद्या हलवत आली, मी पेटी वाजवली, गाणं झालं. पाळकांनी सांगितलं की आज एक भाऊ साक्ष देणार आहे आणि पुढे काय होणार ते सगळ्यांना आधीच माहीत असल्यासारख्या माना हलल्या. थोरले पंच कडेच्या खुर्चीवर पोटावर हात ठेवून समाधानानं बसले होते. हे पुढं गेले. डायरी काढली. चष्मा लावला.

"मी," हे म्हणाले, आणि थांबले.

पुन्हा म्हणाले, "मी." कान लाल झाले होते. पाळकांनी मागून धीर दिला, बोला भाऊ, प्रभू सोबत आहे. पंचवीस वर्षं काट्यावर बसलेल्या माणसाला खोटं वजन वाचता येत नव्हतं. तरी ते वाचणार होते. मला त्यांच्या पाठीवरून दिसत होतं की दम घेऊन वाचणारच आहेत.

मला स्वतःची इतकी चीड आली की भीती वाटायला जागाच उरली नाही. मी पेटीवरून उठले.

"तो खर्रा माझा आहे," मी म्हणाले. "यायनं सुपारीचं खांडबी कधी तोंडात टाकलं नाई. मी खाते. पंधरा वर्षांपासून. कालबी खाल्ला."

पाळकांच्या तोंडात हालेलूया तयार होतं. ते तसंच उघडं राहिलं. मागं कुठं तरी एका मुलाची फांदी वाजली. हे वळले, माझ्याकडे पाहिलं, आणि चष्मा काढून खिशात ठेवला. मग खाली येऊन आपल्या जागेवर बसले. कोणी आमेन म्हटलं नाही. वास्तविक त्या महिनाभरात मंडळीत बोलला गेलेला तो पहिला खरा शब्द होता, पण आमेन म्हणायची सवय आमच्यात फक्त बोलून बोलून गुळगुळीत झालेल्या वाक्यांना आहे.

पंचांची बैठक मंगळवारी झाली. त्यांनी निर्णय पाळकांच्या तोंडी पाठवला, आणि पाळक बिचारे आमच्या दारात चप्पल न काढता उभे राहून बोलले. मी काही काळ पेटीवर बसू नये. मुलांना शिकवू नये. आणि भाऊंच्या नावाचा विचार यावेळी करता येत नाही, कारण ज्याला आपलं घर ताब्यात ठेवता आलं नाही त्याच्या हाती मंडळी कशी द्यावी, असं थोरल्यांचं मत पडलं. म्हणजे हिशेब असा झाला: ह्यांनी स्वतः खर्रा खाल्ला असता तर साक्ष देऊन पंच झाले असते. बायकोनं खाल्ला म्हणून नापास.

मी उपवासकाळात सोडलेला राग त्या दारात परत घेतला. काय बोलले ते लिहीत नाही. पाळक ऐकून घेत होते, आणि शेवटी हळूच म्हणाले, "ताई, मलेही माहीत आहे. थोरल्यायले कोण सांगन?" मला वाटलं होतं सांगणं हेच त्यांचं काम आहे. पण माणूस नवा आहे, घरभाडं मंडळी देते, हेही मला माहीत होतं.

त्या आठवड्यात दोन बाया एकेकट्या घरी आल्या. एकीनं विचारलं, कशी सोडतेस गं. तिच्या ओट्याच्या फटीत पुडी असते हे तिनंच सांगितलं. दुसरीनं विचारलं, तू कोणत्या ठेल्यावरून घेत होतीस, तिथं चुना कमी देतात म्हणे. दोघींनाही मी खरं सांगितलं: मला माहीत नाही कशी सोडते. रोज सकाळी गिरडच्या रस्त्याला लागायच्या आधी मी स्कूटी मुद्दाम उलट्या बाजूनं घालते, बसस्टँडला वळसा घालून जाते, आणि सगळ्या वाटेनं मोठ्यानं बोलते. देवा, हा चौक. देवा, आता तो चौक. माझ्या सगळ्या शिकलेल्या प्रार्थना संपून एवढीच उरली होती. ट्रकवाले वळून पाहत.

ईस्टरला प्रभुभोजन होतं. आमचं मन जायला तयार नव्हतं, म्हणजे माझं. ह्यांनी नेहमीसारखी इस्त्री केली, मग मीही साडी बदलली. पेटीवर दुसरीच मुलगी बसली होती आणि गाणं दोन सूर वर धरत होती. रांग पुढं सरकली, आम्ही दोघं शेजारी शेजारी गुडघ्यावर बसलो. पाळकांनी भाकर दिली. मागून तबक आलं, छोट्या छोट्या पेल्यांचं. दारूबंदीच्या जिल्ह्यात आम्ही काळी द्राक्षं उकळून त्याचा रस करतो, त्याला दारूचा वास नसतो. पण तबक धरणारे थोरले पंच होते. ते माझ्यासमोर वाकले आणि त्यांच्या बोटांचा वास आला. चुना, तंबाखू, नुकताच घोटलेला. उपासनेला यायच्या आधीच त्यांनी पुडी उघडली असावी.

माझ्या तोंडाला पाणी सुटलं. प्रभूच्या मेजापुढं, डोळे मिटून, हातात पेला, आणि मला तो पेला नको होता, ती बोटं हवी होती. मी पेला घट्ट धरून ठेवला. देवा, हा चौक, एवढंच मनात आलं. मग रस पिऊन टाकला आणि पेला तबकात ठेवला. थोरले पंच पुढं गेले.

ह्यांनी त्यांचा पेला रिकामा केला, तबक आपल्यासमोरून जाताना पाहिलं, आणि डोळे मिटले. मी म्हटलं, आता हे रडणार. माझ्यामुळे.

"वास आला?" त्यांनी डोळे न उघडता विचारलं.

मी हो म्हणाले.

"मले पंधरा वर्षांपासून येऊन राह्यला," हे म्हणाले. "आज पयल्यांदा तुह्याकडून नाई आला."